वावड्याचे औषध : कोणासाठी, कशासाठी, कोणते व किती?

मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी व कौटुंबिक वाचनासाठी पाठ
शास्त्रभाग : १ तीमथ्य ५:२३, लूक १०:३०-३७

प्रेषित पौलाने तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रात वडीलजनांचा मान, विधवांचा सांभाळ, मंडळीची शिस्त असे थोर विषय आहेत. त्यांच्या मध्येच एका वचनात पौल आपल्या तरुण सोबत्याच्या पोटाच्या दुखण्याविषयी लिहितो व थोडासा द्राक्षारस घेण्याची सूचना करतो. पुष्कळ वाचक हे वचन ओलांडून पुढे जातात. परंतु ज्यास दुसऱ्याच्या शरीराची काळजी वाहावयाची आहे त्याने येथे क्षणभर थांबावे. पौलाने ती सूचना सबंध मंडळीस केली नाही. जो माणूस त्यास ठाऊक होता त्यासच केली. दुखणे कोणते ते सांगितले, वस्तू कोणती ते सांगितले, आणि ती थोडीच घ्यावी हेही सांगितले. कोणासाठी, कशासाठी, कोणते व किती, ह्या चार प्रश्नांची उत्तरे त्या एका वचनात आहेत. आज आपण ज्या औषधांचा विचार करणार आहोत त्यांस हेच चार प्रश्न लावून पाहू.

एक दृष्टांत

मध्य रेल्वेने कल्याणहून कर्जतच्या बाजूस निघाले म्हणजे पहिलेच स्थानक विठ्ठलवाडीचे लागते. एका अंगास कल्याण, दुसऱ्या अंगास उल्हासनगर, जवळून वाहणारी वालधुनी नदी, आणि सभोवार लहानमोठे कारखाने. आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ मंडळी येथे कामास येतात. अशा एखाद्या खेड्यात एक उपदेशक आहे असे समजा. भातझोडणीच्या दिवसांत त्याला स्वतःला शिंकांचा त्रास होतो. म्हणून त्याच्या पिशवीत शुभवर्तमानाच्या प्रतींशेजारी गोळ्यांचे एक पाकीट असते. एके सायंकाळी शेजारची बाई येऊन म्हणते, “मास्तर, आमच्या मालकांच्या अंगाला फार खाज सुटली आहे. तुमच्याकडची ती गोळी द्या ना.” उपदेशक कनवाळू आहे; तो एकाऐवजी दोन गोळ्या काढून देतो. तो मनुष्य एक रात्री घेतो, दुसरी पहाटे कामास निघताना घेतो. त्याचे काम पत्रा कापण्याच्या यंत्रावर आहे. दहा वाजण्याच्या सुमारास त्याचे डोळे जड होतात, आणि हात जेथे जाऊ नये तेथे जातो.

उपदेशकाच्या मनात प्रीतीच होती. पण त्याने चारांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. प्रीतीला ज्ञानाची जोड नसली तर तिच्या हातून काय घडू शकते, हे ह्या दृष्टांतावरून ध्यानात येईल.

पहिला प्रश्न : कशासाठी?

एखादी वस्तू दुसऱ्यांस निरुपद्रवी असून आपणांसच बाधते, तेव्हा आपल्या भाषेत म्हणतात, ‘मला हिचे वावडे आहे.’ हल्ली ह्यालाच ‘अॅलर्जी’ म्हणतात. हा शब्द सन १९०६ मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के ह्यांनी प्रचारात आणला. शरीरात शत्रूंशी लढणारी एक रक्षक शक्ती देवाने ठेविली आहे. ती कधी कधी धूळ, पराग, बुरशी, मासळी अथवा औषध ह्यांसच शत्रू समजते व ‘हिस्टामिन’ नावाचे द्रव्य रक्तात सोडते. त्यामुळे शिंका येतात, नाक गळते, डोळे चुरचुरतात, अंगावर लाल गांधी उठतात व खाज सुटते. हिस्टामिनचे हे कार्य रोखणारे पहिले द्रव्य सन १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे ह्यांनी शोधून काढिले. सन १९५७ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आज दुकानात मिळणाऱ्या वावड्याच्या बहुतेक गोळ्या ह्याच वंशातील आहेत. त्या हिस्टामिनला अडवितात. वावड्याचे मूळ उपटून टाकीत नाहीत. म्हणून कारण कायम राहिले तर गोळीचा अंमल उतरताच त्रास परत येतो.

येथे आपल्या बोलीतील एका घोटाळ्याविषयी सावध केले पाहिजे. अंगावर गांधी उठल्या म्हणजे आपण ‘पित्त उठले’ असे म्हणतो; आणि छातीत जळजळ होऊन आंबट ढेकर आले तरी ‘पित्त झाले’ असेच म्हणतो. ही दोन दुखणी अगदी वेगळी असून त्यांची औषधेही वेगळी आहेत. दुकानात जाऊन नुसते ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटले की खाज सुटलेल्या माणसाच्या हाती जळजळीचे औषध पडते. यास्तव दुखण्याचे नाव न सांगता लक्षणे सांगावी : ‘अंगावर गांधी उठल्या आहेत, खाज आहे, काल रात्रीपासून.’ अंगास आमसुलाचे पाणी लावण्याची आपल्या घरांतील रीत आहे. साध्या खाजेत त्याने गारवा वाटत असेल तर हरकत नाही. परंतु ओठ, जीभ अथवा डोळ्यांच्या पापण्या सुजू लागल्या तर आमसुलावर विसंबून वेळ दवडू नये.

प्रत्येक शिंक वावड्याचीच असते असेही नाही. ताप, अंगदुखी व घसा दुखणे असेल तर ती बहुधा सर्दी असते. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, वजन घटले अथवा कफात रक्त दिसले, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. रात्री छातीत घरघर होत असेल तर तो दमा असू शकतो. त्याला श्वासावाटे ओढावयाचे औषध लागते, खाजेच्या गोळीने तो बरा होत नाही. आणि हवाच विषारी झाली असेल तर गोळी मुळीच कामाची नाही. सन २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस उल्हासनगरात वालधुनीच्या पात्रात रासायनिक द्रव्य सोडले गेले. त्याच्या वायूने शेकडो रहिवाशांस श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. अशा वेळी ती जागा सोडून मोकळ्या हवेत जाणे व डॉक्टरास गाठणे हाच उपाय होय.

दुसरा प्रश्न : कोणते?

वावड्याच्या गोळ्यांचे दोन घराणी वर्ग आहेत असे समजा : जुना व नवा.

जुन्या वर्गात क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन ही औषधे येतात. ती स्वस्त आहेत व गुणही देतात. परंतु ती मेंदूपर्यंत पोहोचतात. त्यामुळे झोप येते, तोंड सुकते, लक्ष ढळते. मनुष्यास आपण पूर्ण जागे आहो असे वाटत असूनही त्याचा हात व नजर मंदावलेली असते. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळपर्यंतही राहू शकतो.

नव्या वर्गात सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ही येतात. ती मेंदूपर्यंत फार थोडी पोहोचतात व बहुधा दिवसातून एकदा पुरतात. ह्यांतही भेद आहे. सेटिरिझिन व लिव्होसेटिरिझिन ह्यांनी कित्येकांस झोप येते, म्हणून ती रात्री घेणे बरे. लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ह्यांनी क्वचितच येते. यंत्रावर काम करणारा, गाडी हाकणारा, रुळांवर काम करणारा, शाळेत शिकविणारा, ह्यांनी साध्या वावड्यासाठी जुन्या वर्गापेक्षा नव्या वर्गाचीच गोळी डॉक्टरास अथवा औषधविक्रेत्यास विचारून घ्यावी. नवी गोळीही प्रथम सुटीच्या दिवशी घेऊन आपणांस झोप येते की नाही ते पाहावे. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावे; फळांच्या रसाने त्याचा गुण कमी होतो, आणि जळजळीवरील अॅल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त औषधाबरोबर घेतले तरी कमी होतो.

नाक सतत चोंदलेले राहत असेल तर गोळीपेक्षा नाकात मारावयाचा सौम्य स्टेरॉइडचा फवारा अधिक गुणकारी ठरतो. पण तो डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा, रोज नियमाने वापरावा, व गुण येण्यास काही दिवस धीर धरावा. नाक चटकन मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन अथवा ऑक्सिमेटाझोलिन ह्यांचे थेंब ह्याहून वेगळे आहेत. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर उलट नाक अधिकच चोंदते, आणि मनुष्य थेंबांचा दास होऊन बसतो.

पाकिटावरील व्यापारी नाव मोठे असले तरी आतील औषधाचे नाव शोधून वाचावे. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत एकच औषध असू शकते. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत बहुधा वावड्याचे औषध, ताप उतरविणारे पॅरासिटामॉल व नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन अशी दोनतीन द्रव्ये असतात. त्यांबरोबर आणखी एक वावड्याची व एक तापाची गोळी घेतली की नकळत मात्रा दुप्पट होते.

तिसरा प्रश्न : किती?

निरोगी प्रौढ माणसासाठी सेटिरिझिन १० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, लिव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम एकदा, लोराटाडिन १० मिलिग्रॅम एकदा, आणि फेक्सोफेनाडिन दुखण्याप्रमाणे १२० अथवा १८० मिलिग्रॅम एकदा, ही नेहमीची मात्रा आहे. ह्यांपैकी एकच घ्यावे, दोन मिळून नव्हे. एका गोळीने गुण आला नाही म्हणून आपल्या मताने दुसरी घेऊ नये. गुण न येणे ही दुखणे वेगळे असल्याची खूण असू शकते. आठवडाभर गोळी घेऊनही त्रास थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जावे.

कोणी म्हणेल, ‘दुकानदार मागताच देतो, मग ह्यात भीती कसली?’ अमेरिकेत सेटिरिझिन, लोराटाडिन व फेक्सोफेनाडिन ही चिठ्ठीविना विकली जातात हे खरे. परंतु आपल्या देशातील सन १९४५ च्या औषधविषयक नियमांत जुन्या वर्गातील पुष्कळ वावड्याची औषधे अशा यादीत घातली आहेत की, वैद्यकीय देखरेखीवाचून ती घेणे धोक्याचे आहे, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. दुकानातून सहज मिळणे ही निर्धोकपणाची साक्ष नव्हे.

चौथा प्रश्न : कोणासाठी?

पिशवीतून गोळी काढण्यापूर्वी उपदेशकाने हाच प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा होता. पुढील माणसांस डॉक्टरास विचारल्यावाचून गोळी देऊ नये.

लहान मुले : क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन ह्यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांस देऊ नये, असा आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी सन २०२३ च्या डिसेंबरात काढिला. सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या एका पातळ औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. कित्येकांस उपचारार्थ नागपुरास आणिले होते. त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष आढळले. मृत्यू ह्या विषाने झाले; तरी सर्दीखोकल्याच्या बाटल्या मुलांस किती सहज पाजल्या जातात हेही त्या दुःखाने सर्वांपुढे आणिले. साधी सर्दी बहुधा आपोआप बरी होते. मुलास झोप यावी म्हणून तर हे औषध कधीही पाजू नये.

वृद्ध : जुन्या वर्गाच्या गोळीने वृद्धांस भ्रम होतो, तोल जाऊन ते पडतात, पुरुषांची लघवी अडते. काचबिंदू असलेल्यासही ती अपायकारक आहे.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया : ह्यांनी डॉक्टरास अथवा आरोग्यसेविकेस विचारूनच घ्यावे.

मूत्रपिंडाचा विकार असलेले : ह्यांस सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते. रक्तदाब असलेल्यांनी फेनिलेफ्रिन असलेल्या मिश्र गोळ्या टाळाव्या.

ताडी वा दारू पिणारे, अथवा झोपेच्या वा फेफऱ्याच्या गोळ्या घेणारे : ह्यांच्या अंगी गुंगी दुणावते. दारूचा निषेध आपण मंडळीत करितोच. पण गोळी देताना मात्र उपदेश बाजूस ठेवून सरळ विचारावे, आणि मनुष्यास खरे सांगण्याचे भय वाटू देऊ नये.

पुडीपासून सावध

काही ठिकाणी दोनचार सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देतात. त्यांवर नाव नसते, मुदत नसते. त्यांत कधी कधी डेक्सामेथासोन, बीटामेथासोन वा प्रेडनिसोलोन ह्यांसारखे स्टेरॉइड असते. त्याने खाज व धाप काही तासांत पळते, भूक लागते, आणि ‘ह्याच्या हाताला गुण आहे’ अशी ख्याती होते. योग्य वेळी डॉक्टरांच्या हातून ही औषधे प्राण वाचवितात. परंतु आठवड्यांमागून आठवडे घेतली तर साखर व रक्तदाब वाढतात, हाडे ठिसूळ होतात, क्षयासारखा दबलेला रोग डोके वर काढितो. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविणेही धोक्याचे असते. म्हणून ज्यास संशय येईल त्याने पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. मलमांचेही तसेच. स्टेरॉइडचे मलम गजकर्णावर लाविले की आरंभी खाज थांबते व मागून गजकर्ण अंगभर पसरते. अशी अनेक मलमे सन २०१८ मध्ये चिठ्ठीवाचून न विकावयाच्या औषधांच्या यादीत घातली गेली.

माँटेलुकास्ट मिसळलेल्या गोळ्याही आजकाल फार खपतात. त्या औषधाने काहींच्या मनावर परिणाम होऊन उदासपणा व आत्मघाताचे विचार येतात, असा गंभीर इशारा अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने सन २०२० मध्ये दिला. ती गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये.

जखमी वाटसरूचा धडा

लूकाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतिला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने त्या मनुष्यास आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेले. प्रथम साहाय्य करून पुढे पोहोचविणे हा त्याचा क्रम आपणही ठेवावा.

गांधीलमाशी चावल्यावर, मासळी वा शेंगदाणे खाल्ल्यावर, अथवा औषध किंवा सुई घेतल्यावर जर ओठ वा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास कोंडला, घेरी आली, वारंवार ओकारी होऊ लागली, तर तो प्राणाचा प्रसंग होय. त्याला मांडीत द्यावयाची अॅड्रेनॅलिनची सुई लागते. गोळीचा अंमल चढण्यास वेळ लागतो व तिने श्वास मोकळा होत नाही. गोळी देऊन ‘थोडी वाट पाहू’ असे म्हणू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रोग्यास निजवून पाय उंच ठेवावे, श्वास कोंडत असेल तर बसते ठेवावे. उठवून चालवू नये. विठ्ठलवाडीच्या आसपास असाल तर उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय अथवा कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय गाठावे. ज्या औषधाने असे झाले त्याचे नाव कागदावर लिहून तो कागद जन्मभर जपावा व प्रत्येक डॉक्टरास दाखवावा.

गोळीच्या आधीचे उपाय

कारण टळले तर गोळी कमी लागते. झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडावे. भातझोडणीत व पेंढा रचताना नाकातोंडास ओले फडके बांधावे. गोधड्या व उशा कडक उन्हात घालाव्या. पावसाळ्यात भिंतीस धरलेली बुरशी पुसून घर वाहते ठेवावे. सन १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम दृष्टीस पडलेले गाजरगवत आज महाराष्ट्रभर माजले आहे. त्याच्या स्पर्शाने कातडी सोलवटते व परागाने शिंका येतात. ते फुलण्याआधी, हात झाकून, मुळासकट उपटावे. मंदिराच्या आवाराची अशी सफाई तरुणसंघाने वर्षातून दोनदा केली तर तीही सेवाच होय. नाक धुण्यास उकळून निवविलेल्या पाण्यात थोडे मीठ घालावे. कच्चे पाणी वापरू नये.

उपसंहार

काही विश्वासू जन म्हणतात की, औषध घेणे म्हणजे विश्वास कमी असणे. परंतु ज्या पौलाच्या हातून देवाने रोगी बरे केले, त्यानेच तीमथ्यास पोटासाठी उपाय सांगितला, आणि ज्यास तो प्रिय वैद्य म्हणतो तो लूक त्याचा सोबती होता. प्रार्थना व औषध ह्यांत वैर नाही. वैर आहे ते अज्ञानाशी. आपल्या दृष्टांतातील उपदेशकाने त्या बाईस रिकाम्या हाताने परत पाठवावयास हवे होते काय? नाही. त्याने तिच्याबरोबर जाऊन तिच्या धन्याजवळ बसावे, चार प्रश्न विचारावे, त्याचे काम कोणते ते ऐकावे, आणि सकाळी त्यास दवाखान्यात न्यावे. ह्यात गोळी देण्यापेक्षा वेळ अधिक जातो. शोमरोन्याचाही गेला होता.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पौलाच्या सूचनेत कोणत्या चार प्रश्नांची उत्तरे आढळतात?
२. ‘पित्ताची गोळी’ मागण्यात कोणता धोका आहे? दुकानात काय सांगावे?
३. जुन्या व नव्या वर्गाच्या औषधांत मुख्य भेद कोणता? तुमच्या मंडळीत यंत्रावर अथवा गाडीवर काम करणारे कोण आहेत?
४. कोणती लक्षणे दिसताच गोळीची वाट न पाहता १०८ क्रमांकावर बोलवावे?
५. ह्या आठवड्यात आपल्या घरातील गोळ्या काढून पाहा. ज्यांवर नाव नाही अथवा ज्यांची मुदत संपली आहे, अशा किती निघाल्या?